आरसीटी जमत नसेल तर आरोग्य कार्यक्रमाचं मूल्यमापन कसं करावं? केंद्रांची निवड कशी झाली, इथून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या तालुक्यांतल्या सहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक संस्था वर्षभर उच्च रक्तदाबाच्या रुग्णांसाठी काम करते आहे. आशाताई महिन्यातून एकदा घरी जातात, बीपी मोजतात, गोळ्या संपल्या का ते बघतात आणि खंड पडलेल्या रुग्णाला केंद्रात आणतात. बीपी आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण वाढलेलं दिसतंय आणि निधी देणाऱ्यांना 'इम्पॅक्ट' हवा आहे. एका तज्ज्ञाने सांगितलं, आरसीटी (कार्यक्रम कुणाला मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवणारी चाचणी) नाही म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. दुसऱ्याने सांगितलं, आधीचे-नंतरचे आकडे आहेत ना, टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी) लावा आणि पाठवून द्या. प्रश्न विचारणारे डॉक्टर कम्युनिटी मेडिसिनचे आहेत आणि या दोन सल्ल्यांच्या मध्ये अडकलेत.

डॉक्टर, दोन्ही सल्ले बाजूला ठेवा. सरकारी यंत्रणेतला कार्यक्रम प्रत्येक वेळी चिठ्ठ्या टाकून सुरू करता येत नाही, आणि तसा सुरू झाला नाही म्हणून त्याचं मूल्यमापन अशक्य ठरत नाही. अर्ध-प्रायोगिक अभ्यास त्यासाठीच असतात. पण त्यांची ताकद सॉफ्टवेअरमध्ये नसते. 'कार्यक्रम नसता तर या सहा केंद्रांत काय झालं असतं' याचं पटेल असं उत्तर उभं करावं लागतं. ते उत्तर कुठून आणायचं, हे सहा केंद्रांची निवड कशी झाली यावर ठरतं. मी विश्लेषणाला हात लावण्याआधी तेवढीच चौकशी करतो आणि बहुतेक वेळा अभ्यासाचा आराखडा तिथेच सापडतो.

आधी-नंतरच्या आकड्यांचं सांगतो, कारण तुमच्या हातात आत्ता तेच आहेत. रक्तदाब ही गोष्ट या बाबतीत फार फसवी आहे. शिबिरात एकदा मोजल्यावर ज्याचं सिस्टोलिक (वरचं बीपी) १६० आलं तो तुमच्या यादीत गेला. त्या दिवशी तो चालत आला असेल, घाबरलेला असेल, नुकताच चहा झाला असेल. अशा लोकांना गोळी न देता महिन्याने पुन्हा मोजलं तरी सरासरी खाली येते, कारण यादीत घेतानाच आपण चढे आकडे वेचलेले असतात. दुसरी गोष्ट ऋतूची. थंडीत रक्तदाब चढा राहतो, उन्हाळ्यात उतरतो. तुमची बेसलाइन डिसेंबर-जानेवारीची आणि शेवटची मोजणी मेमधली असेल, तर उन्हाचं श्रेय आशाताईंच्या नावावर जमा होईल.

तिसरी गोष्ट यंत्राची, आणि ती मी नेहमी स्वतः तपासतो. केंद्रातली जुनी एनसीडी (असंसर्गजन्य आजारांची) नोंदवही उघडा आणि सिस्टोलिकचा शेवटचा अंक बघत खाली जा. १३०, १४०, १२०, १४०, १५० असे शून्यावर संपणारे आकडे पानभर दिसतील. हाताने मोजताना असं गोल करण्याची सवय सगळीकडे असते. कार्यक्रम आला की सोबत डिजिटल यंत्र येतं आणि नोंदवहीत १३६, १४३, १३८ दिसू लागतात. आता 'आटोक्यात' म्हणजे १४०/९० च्या खाली, ही व्याख्या आठवा. पूर्वी १४० लिहून 'आटोक्याबाहेर' गेलेला माणूस आता १३८ म्हणून 'आटोक्यात' येतो. त्याच्या रक्तवाहिन्यांत काहीही बदललेलं नसतं. म्हणून यंत्रं कोणत्या महिन्यात बदलली ती तारीख शोधून ठेवा आणि बदलापूर्वीच्या वाचनांतला शून्याचा वाटा अहवालात द्या.

तुलनेचा गट नसला की काय होतं, याचं शस्त्रक्रियांच्या चेकलिस्टपेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची चेकलिस्ट आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली गेली, त्यात नवी दिल्लीही होतं. २००९ मध्ये निष्कर्ष आले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर. आराखडा आधी-नंतरचा होता. पुढे कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात १०१ रुग्णालयांत चेकलिस्ट लागू झाल्यावर २०१४ मध्ये जो अभ्यास आला, त्यात मृत्यूचं प्रमाण ०.७१ वरून ०.६५ टक्क्यांवर आलेलं होतं आणि हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठरावा इतका नव्हता. चेकलिस्ट निरुपयोगी आहे असा याचा अर्थ मी काढत नाही. ओंटारियोत ती किती मनापासून वापरली गेली हा वेगळा प्रश्न आहे. पण पहिल्या अभ्यासातल्या घटीपैकी किती चेकलिस्टची आणि किती इतर सुधारणांची, हे त्या आराखड्यातून वेगळं करता येत नाही.

आता निवडीकडे. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून संस्थेला मिळालेलं पत्र काढा. त्याआधीच्या बैठकीचं इतिवृत्त मिळालं तर उत्तम. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, शक्यतो बदलून गेलेल्यांनासुद्धा, सरळ विचारा: हीच सहा का? मला आजवर मिळालेली उत्तरं साधारण चार प्रकारची आहेत. 'तिथले एमओ (वैद्यकीय अधिकारी) उत्साही आहेत.' 'तिथली कामगिरी सगळ्यांत मागे होती.' 'रस्त्यावर आहेत, पाहुण्यांना दाखवायला सोयीची.' आणि क्वचित, 'लोकसंख्येच्या यादीत वरची सहा घेतली.' प्रत्येक उत्तराचा धोका वेगळा. उत्साही एमओ असलेलं केंद्र कार्यक्रमाशिवायही वर चढतच असतं. सगळ्यांत मागे पडलेलं केंद्र पुढच्या वर्षी आपोआप थोडं सावरतं. रस्त्यावरच्या केंद्रात औषधांची गाडी आधी पोचते आणि खासगी दवाखानेही जवळ असतात. यादीतून कटऑफ लावून निवड झाली असेल तर मात्र तुमचं नशीब चांगलं, त्याबद्दल पुढे सांगतो.

तुमच्या बाबतीत सगळ्यांत व्यवहार्य मार्ग डिफरन्स-इन-डिफरन्सेसचा आहे: कार्यक्रम न झालेली केंद्रं घ्यायची आणि दोन्हीकडचा बदल ताडून बघायचा. समजा तुमच्या सहा केंद्रांत नियंत्रणाचं प्रमाण ३० वरून ४८ टक्के झालं आणि त्याच काळात बाकीच्या बारा केंद्रांत ३४ वरून ४३. तर वाढ १८ अंकांची असली तरी कार्यक्रमाच्या वाट्याला ९ येतात. उरलेले ९ जिल्हाभर ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीचा पुरवठा सुधारल्याने, राज्याच्या तपासणी मोहिमेने किंवा आणखी कशाने आलेले असतील. ते कशाने आले हे ठाऊक नसलं तरी ते वजा होतात.

या पद्धतीचं आपल्या राज्यातलं उदाहरण जगभर शिकवलं जातं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ३९ गावांमध्ये घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ च्या आसपास होता, तो तिसऱ्या वर्षी २५.५ झाला. तुलनेच्या गावांत तो साधारण तिथेच राहिला. १९९९ मध्ये हे लॅन्सेटमध्ये छापून आलं आणि पुढे २०११ मध्ये आशांमार्फत घरोघरी नवजात काळजी हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. रॅन्डमायझेशन नसतानाही लोकांना तो निष्कर्ष पटला, कारण तुलनेची गावं होती, सुरुवातीचे दर मोजलेले होते, दोन्हीकडे जन्म-मृत्यू सारख्याच काटेकोरपणे टिपले गेले होते आणि परिणाम मोठा होता. तुमच्या अभ्यासात परिणाम इतका मोठा नसेल, त्यामुळे बाकीच्या तीन गोष्टी अधिकच सांभाळाव्या लागतील.

तुलनेची केंद्रं निवडताना जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. घोडेगावच्या पश्चिमेचा डोंगराळ आदिवासी पट्टा आणि मंचरच्या पूर्वेचा बागायती पट्टा एकाच तालुक्यात आहेत, पण आरोग्यसेवेच्या दृष्टीने ती दोन वेगळी जगं आहेत. बागायतीतल्या केंद्राला बागायतीतलंच केंद्र लावा. अगदी लागून असलेलं केंद्र मात्र टाळा. बाजाराच्या दिवशी लोक हद्द ओलांडून औषध घ्यायला जातात, आशाताई एकमेकींच्या नात्यात असतात आणि चांगली गोष्ट पसरते. आणखी एक सावधगिरी: कार्यक्रमाआधीच्या एकाच तिमाहीचे आकडे जुळवून केंद्रांच्या जोड्या लावू नका. त्या तिमाहीत योगायोगाने घसरलेलं चांगलं केंद्र तुमच्या कमकुवत केंद्राची जोडी म्हणून येईल, पुढच्या तिमाहीत ते मूळ पातळीवर परत जाईल आणि तुमचा कार्यक्रम निष्प्रभ दिसेल. जोड्या लावायच्या तर लोकसंख्या, मनुष्यबळ, रस्ता, अंतर यांवर लावा.

मग बघायचं ते कार्यक्रमाआधीचे दोन्ही गटांचे कल. पातळी वेगळी असली तरी चालते, चाल सारखी हवी. त्यासाठी आधीचे किमान बारा, शक्य तर चोवीस महिने प्रत्येक केंद्राचे महिनावार आकडे लागतील. आलेख काढा आणि सहाच्या सहा केंद्रांच्या रेषा वेगवेगळ्या दाखवा. सरासरीखाली बरंच काही लपतं.

इथे तुमच्या आराखड्यातली सगळ्यांत गंभीर अडचण सांगतो, कारण ती तुमच्या प्रश्नातच दिसते. कार्यक्रमाच्या गावांत बीपी घरी मोजलं जातं, तुलनेच्या गावांत फक्त ओपीडीत. घरचं वाचन ओपीडीतल्यापेक्षा सहसा कमी येतं. शिवाय जो रुग्ण एरवी गायब असता, तो तुमच्याकडे मोजला जातो आणि तिकडे मोजलाच जात नाही. हा फरक कुठल्याही समीकरणाने पुसता येत नाही. एक आकडेमोड करून बघा. नोंदवहीत ४०० रुग्ण आहेत. कार्यक्रमाआधीच्या तिमाहीत २०० आले आणि त्यातल्या १२० जणांचं बीपी आटोक्यात होतं. नंतरच्या तिमाहीत ३०० आले आणि १५० आटोक्यात होते. आलेल्यांपैकी काढलं तर नियंत्रण ६० टक्क्यांवरून ५० वर घसरलं. नोंदलेल्यांपैकी काढलं तर ३० वरून साडेसदतीसवर चढलं. कार्यक्रम तोच, माणसं तीच, निष्कर्ष उलटा. छेद कोणता घेणार हे आकडे बघण्याआधी लिहून ठेवा. माझं मत नोंदलेल्यांच्या बाजूने आहे, कारण रुग्ण टिकवून धरणं हेच तुमच्या कार्यक्रमाचं काम आहे.

मोजणीतली विषमता घालवायला दोन गोष्टी करा. कल दाखवण्यासाठी दोन्ही गटांत फक्त ओपीडीतली वाचनं वापरा, घरची वेगळी ठेवा. आणि वर्षअखेरीला दोन्ही गटांत नोंदवहीतून यादृच्छिक नमुना काढून स्वतंत्र पाहणी करा. यंत्र तेच, बसवून पाच मिनिटांनी मोजायची पद्धत तीच, आणि मोजणारी माणसं कार्यक्रमातली नकोत. खर्च येईल, पण अहवालातलं हेच पान कुणाला खोडून काढता येणार नाही.

जिल्हा कार्यालयाने तुलनेच्या केंद्रांचे आकडे दिलेच नाहीत, तर इंटरप्टेड टाइम सिरीज उरते. म्हणजे आधीच्या महिन्यांची रेषा पुढे वाढवायची आणि प्रत्यक्ष आकडे त्या रेषेपासून कधी आणि किती सुटले ते बघायचं: एकदम उडी आली की हळूहळू चढ बदलला. आधीचे तीन-चार बिंदू घेऊन हे करू नका. आपल्याकडच्या महिनावार आकड्यांत ऋतूच नव्हे, कामाचं वेळापत्रकही उमटतं. आषाढी वारीत पालखी मार्गावरच्या आणि आसपासच्या केंद्रांतली माणसं ड्युटीवर जातात, ओपीडी रोडावते. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, म्हणजे छेदातली माणसंच बदलतात. उन्हाळ्यात बदल्या होतात. एक पूर्ण वर्ष आधीचं नसेल तर यातलं काहीही कार्यक्रमाचा परिणाम म्हणून समोर येईल.

कटऑफबद्दल सांगायचं राहिलं होतं. शेजारच्या कर्नाटकात गरिबांसाठी मोठ्या आजारांवरच्या उपचारांची योजना आधी उत्तरेकडच्या भागात सुरू झाली. अभ्यासकांनी योजनेच्या हद्दीच्या दोन्ही बाजूंची जवळजवळची गावं घेतली. एका बाजूला योजना, दुसऱ्या बाजूला नाही, बाकी शेती, भाषा, अंतर सगळं सारखं. योजनेत येणाऱ्या आजारांनी झालेले मृत्यू दारिद्र्यरेषेखालच्या घरांत ०.९० टक्क्यांऐवजी ०.३२ टक्के होते, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. हद्द कुणीतरी नकाशावर ओढली आणि गावकऱ्यांना ती हलवता येत नव्हती, यात या पद्धतीचा जीव आहे. म्हणूनच आपल्या योजनांतली उत्पन्नाची मर्यादा मला यासाठी भरवशाची वाटत नाही. राजीव गांधी जीवनदायी योजनेत केशरी शिधापत्रिकेला एक लाखाची मर्यादा होती, पण उत्पन्नाचा दाखला तहसीलमध्ये काढताना आकडा मर्यादेच्या आत बसवता येतो. रेषेच्या अलीकडे माणसांची गर्दी दिसली की समजावं, दोन्ही बाजूंची माणसं सारखी राहिलेली नाहीत. वयाचा कटऑफ बरा, तरी आपल्याकडच्या ज्येष्ठांच्या कागदोपत्री जन्मतारखा बघा: शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेला १ जून किती जणांचा निघतो ते मोजा. सहा केंद्रांच्या पातळीवर ही पद्धत चालणार नाही, तिला रेषेजवळ पुष्कळ माणसं लागतात. पण रुग्णांच्या निवडीला असा कटऑफ असेल तर जरूर सांगा.

हीच जीवनदायी योजना टप्प्यांचं उदाहरण म्हणूनही उपयोगी आहे. २ जुलै २०१२ ला ती गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई आणि मुंबई उपनगर अशा आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुण्यासह उरलेले जिल्हे नोव्हेंबर २०१३ मध्ये आले. मधल्या सोळा महिन्यांत उरलेले जिल्हे आपोआप तुलनेचा गट होते. तुमचा कार्यक्रमही सहांवरून पुढे टप्प्याटप्प्याने वाढणार असेल तर एक ध्यानात ठेवा: नेहमीचं टू-वे फिक्स्ड इफेक्ट्स समीकरण (केंद्राकेंद्रांतले आणि महिन्यामहिन्यांतले स्थिर फरक वजा करणारं) आधी आलेल्या केंद्रांनाच नंतरच्यांचा तुलनेचा गट करतं. परिणाम काळानुसार वाढत असेल तर उत्तर चुकतं, कधी चिन्हही उलटं येतं. २०२१ च्या सुमाराला यावर बरंच काम झालं आणि कॅलवे-सांतअॅना यांची पद्धत आता आर आणि स्टाटा या दोन्ही संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळते. तीच वापरा.

रुग्ण हजारो असले तरी निर्णय सहा केंद्रांबाबत झालाय, त्यामुळे तुमचा खरा नमुना केंद्रांचा आहे. एका केंद्रातल्या रुग्णांचे आकडे एकमेकांना बांधलेले असतात, आणि एका महिन्याचा आकडा पुढच्याला. हे दुर्लक्षून पी-व्हॅल्यू (परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) काढली की ती हवी तशी सुंदर येते. बर्ट्रांड, डुफ्लो आणि मुलैनाथन या अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये खोटे, कधीच न झालेले कायदे कल्पून डिफरन्स-इन-डिफरन्सेस असंच चालवलं, तेव्हा ४५ टक्क्यांपर्यंत वेळा 'परिणाम' सापडला. त्यावर सोपा उपाय असा: तुमची सहा आणि तुलनेची बारा अशी अठरा केंद्रं आहेत, त्यातून कोणतीही सहा 'कार्यक्रमाची' मानून तोच फरक पुन्हा पुन्हा काढा. असे १८,५६४ संच होतात, संगणकाला ते काही मिनिटांचं काम आहे. खऱ्या सहांचा फरक त्या गर्दीत कुठे पडतो ते दाखवा. तुमची सहा चिठ्ठ्यांनी निवडलेली नव्हती, म्हणून ही चाचणी पूर्ण काटेकोर ठरत नाही, पण हजारो रुग्ण स्वतंत्र मानण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे.

आणखी एक तपासणी मला फार आवडते. कार्यक्रमाने ज्यावर परिणाम होण्याचं काहीच कारण नाही, अशी गोष्ट दोन्ही गटांत बघायची. प्रत्येक केंद्रात कुत्रा चावलेल्यांची नोंद असते. ती सहा केंद्रांत वाढली आणि बारांत नाही, तर केंद्रात एकूणच राबता वाढलाय: नवीन एमओ आले, रस्ता झाला, लस नियमित मिळू लागली. मग बीपीची सुधारणाही त्यातलीच असू शकते. दोन्हीकडे ती सारखी राहिली तर तुमचा दावा मजबूत होतो.

पुढच्या टप्प्यासाठी मात्र आत्ताच हालचाल करा. अजून बारा केंद्रांत जायचं ठरत असेल आणि सगळीकडे एकदम जाण्याइतकी माणसं नसतील, तर आधी कुठे आणि नंतर कुठे हे सोडतीने ठरवा. सरपंच, एमओ, तालुका आरोग्य अधिकारी समोर बसवून, एखाद्या शाळकरी मुलाच्या हाताने चिठ्ठ्या काढा. आरक्षणाची सोडत आपल्याकडे अशीच निघते आणि ती सगळे मानतात. कुणालाही कार्यक्रम नाकारला जात नाही, फक्त क्रम ठरतो. गांबियात १९८० च्या दशकात हिपॅटायटिस बीची लस अशीच टप्प्यांनी आणली गेली होती. ही सोडत झाली की तुमचा अभ्यास अर्ध-प्रायोगिक राहत नाही, तो स्टेप्ड-वेज ट्रायल होतो. एथिक्स कमिटीची परवानगी आणि सीटीआरआय या देशाच्या चाचणी-नोंदवहीत नोंदणी त्याआधी हवी.

निधी देणाऱ्यांना आत्ता काय कळवायचं? आधी-नंतरचे आकडे द्या, पण 'कार्यक्रमामुळे' हा शब्द त्या वाक्यात घालू नका. सोबत एका पानाची विश्लेषण योजना पाठवा: तुलनेची केंद्रं कोणती, छेद कोणता, आधीचे किती महिने, कुत्रा चावल्याच्या नोंदींचं काय करणार. आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे अठराही केंद्रांच्या चोवीस महिन्यांच्या एनसीडी नोंदींसाठी लेखी विनंती याच आठवड्यात द्या. नोंदवह्या भरल्या की गठ्ठा बांधून माळ्यावर जातात, आणि बदली झालेल्या कर्मचाऱ्याखेरीज तो कुठे ठेवलाय हे कुणालाच सांगता येत नाही.